अर्जुनाचं गाव

आमच्याकडे माणसाला नाव नंतर विचारतात, आधी गाव विचारतात. एसटीत शेजारी कुणी टेकलं की पहिला प्रश्न, "कुठलं गाव?" गाव कळलं की निम्मा माणूस कळला, असा आमचा समज. मी लग्न होऊन सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या धनेवाडीत आले त्याला इतकी वर्षं झाली, तरी कुणी अचानक विचारलं तर माझ्या तोंडून आधी माहेरचं कोरेगावच निघतं. मग जीभ चावून धनेवाडी म्हणते. सासरची माणसं यावरून मला अजून चिडवतात. चिडवू देत. गाव काय पातळ आहे, एक सोडून दुसरं नेसायला?

आकारामला विचारलं तर तो "म्हसवड" म्हणायचा आणि म्हणताना हात जोडायचा. त्याच्या लेखी म्हसवड म्हणजे आधी सिद्धनाथ आणि मग घर. घर तरी काय, माणदेशातल्या उजाड माळावर दोन खोल्या, आणि पावसाळा सोडला तर त्यांनाही कुलूप. दसरा झाला की हा गडी मेंढरं, घोडं, कोंबड्या, कुत्री आणि बायकापोरं घेऊन आमच्याकडं खाली उतरायचा. आमचं सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं असायचं. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की पुढच्या उसाला खत बघावं लागत नाही, म्हणून माझे मालक उदयसिंह गणपतीपासूनच त्याला फोन लावायला लागायचे. आला की पहिले दोन दिवस त्याचं कौतुक आणि मग कुत्र्यांच्या नावानं शिमगा, असं दरवर्षीचं ठरलेलं.

त्याची बायको रंगुबाई. ती माझ्याच वयाची, पण मला आक्का म्हणायची. मी तिला रंगू म्हणायचे. थोरला मुलगा अर्जुना सात वर्षांचा, आमच्या प्रांजलच्या बरोबरीचा. धाकटी सोनिया तेव्हा मांडीवर होती. धनगरवाड्यात हे सोनिया नाव कुठून आलं विचारलं, तर रंगू म्हणाली, "नर्सबाईचं व्हतं, ग्वाड वाटलं."

अर्जुना आमच्याकडं असला की प्रांजलबरोबर शाळेत जाऊन बसायचा. गुरुजी चांगले, त्याला कुणी उठवलं नाही. एक पांढरं कोकरू सारखं त्याच्या मागं असायचं. त्याचं नाव त्यानं कलेक्टर ठेवलं होतं. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "समद्यांच्या म्होरं चालतंय आन काम कायच करत न्हाई."

असं पोरगं होतं. सांगताना अजून हसू येतं आणि मग हसू आल्याचा राग येतो.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला. ओढा भरलेला, उसात पाणी साचलेलं, ओढ्याच्या कडेला बगळ्यांची माळ आणि गावची डुकरं चिखलात लोळलेली. दिवस कलला की डास असे उठायचे की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. प्रांजल मच्छरदाणीत झोपायची. अर्जुना उघड्या रानात, घोंगड्यावर. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं, पण धनगराचं पोर रानात झोपतंय यात बघण्यासारखं काय असतं?

आधी साधा ताप आला. रंगूनं मीठमोहऱ्या उतरवल्या, मी घरातलं तापाचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं इतकं ठणकायला लागलं की कुत्रं भुंकलं तरी तो किंचाळायचा. आणि त्याच दुपारी रंगू अनवाणी धावत माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आक्का," ती म्हणाली, "पोरगं मला वळखंना."

उदयसिंहांनी जीप काढली. वाटेतच त्याला झटके यायला लागले. कराडच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याची मान ताठ झाली होती. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं आकारामला नाव विचारलं, वय विचारलं आणि विचारलं, "गाव?"

"म्हसवड," आकाराम म्हणाला. पोरगं खांद्यावर होतं, तरी एक हात त्यानं छातीशी नेला.

मी रंगूला धरून तिथंच उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. विचारलं ते त्यानं सांगितलं.

डॉक्टरांनी अर्जुनाच्या पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. पोरगं काही दिवस तिथं पडून होतं. डोळे उघडे, पण बघत कुणाकडंच नव्हतं. रंगू त्याला कलेक्टरच्या गोष्टी सांगायची. कलेक्टरनं आज कुणाची पेंडी पळवली, कुणाला शिंगानं ढोसलं. त्याला अजून शिंगं फुटली नव्हती, पण ती सांगायची. एका सकाळी तिची गोष्ट अर्ध्यावर असतानाच तो गेला.

म्हसवडला न्यायचं का, असं उदयसिंहांनी विचारलं. जीपच काय, ट्रक करून दिला असता त्यांनी. आकारामनं पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "लय हिंडलं लेकरू. आता किती हिंडवायचं?" आमच्या रानाच्या टोकाला, ओढ्याच्या बांधावर एक बाभळ आहे. तिच्याखाली त्याला माती दिली. माझ्या सासूबाई एरवी सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या नेला. तिसऱ्या दिवशी मेंढरं पुढं काढावी लागली, कारण रानात चारा संपला होता आणि मेंढरांना सुतक कळत नाही.

दवाखान्यात फोन नंबर उदयसिंहांचा दिला होता, म्हणून पाण्याचा निकाल आमच्याकडं आला. मेंदूज्वर होता. डुकरांच्या, बगळ्यांच्या अंगातला, डासांवाटे माणसात येणारा. मी कराडच्या डॉक्टरांना विचारलं, यावर काही उपाय होता का? ते म्हणाले, झाल्यावर फारसा नाही. पण न व्हावा म्हणून लस आहे. काही जिल्ह्यांत सरकारच लहान मुलांना देतं.

"मग आमच्यात का नाही?"

"ते सांगलीत विचारा, ताई."

मी विचारायला सांगलीला गेले. मला राग आला की मी घरात बसत नाही, हे धनेवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं साथींचं काम बघणारे डॉक्टर निमिष म्हणून होते. वयानं लहान, सांगलीतच वाढलेले, बोलणं अगदी मऊ. त्यांच्यावर आवाज चढवायचा म्हणून मी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, पण त्यांनी आधी पाणी दिलं आणि माझी वाक्यं विस्कटली.

"एखादी लस मुलांच्या टोचणीत घालायची," ते म्हणाले, "तर सरकार आधी विचारतं, हा रोग तिथं आहे का? किती मुलांना होतो? होतो हे सांगणार कोण, तर रुग्ण. तपासून पक्का झालेला रुग्ण. जिल्हा रुग्ण मोजतो, राज्य सगळ्या जिल्ह्यांचं मिळून मांडतं, मग वर जाणकारांची समिती बसते. रोग केवढा, लस निर्धोक किती, पुरेल का, वर्षानुवर्षं देता येईल का, सगळं बघतात. काही लसी सगळ्या देशाला देतात. ही मात्र जिथं रोग दिसला तेवढ्याच जिल्ह्यांना देतात."

"मग आमच्यात दिसला की."

"कुठं?"

"अर्जुना."

त्यांनी समोरच्या कॉम्प्युटरमध्ये शोधलं. "हा साताऱ्याचा रुग्ण आहे, ताई. गाव म्हसवड, तालुका माण."

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. म्हसवडला माणसं जाऊन आली होती. तिथं साचलेलं पाणी नाही, डुकरं नाहीत, तसले डास औषधाला सापडले नाहीत. घराला कुलूप होतं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की लागण इथली नाही. म्हणजे साताऱ्याच्या हिशेबात तो धरला गेला नाही. आणि सांगलीच्या हिशेबात तो येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याचं गाव सांगलीत नव्हतं.

"आणि मेला तो कराडात," मी म्हणाले.

"हो. पण लागण कराडचीही नाही."

"मग डॉक्टर, पोरगं कुठंच मेलं नाही म्हणा की."

मी तिखटच बोलले होते. पण त्या कचेरीत, येणाजाणाऱ्यांसमोर, पदर तोंडाला लावून मी रडले. डॉक्टर निमिषांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मी थांबेपर्यंत तो परत घातला नाही.

मग म्हणाले, "आजारी पडायच्या आधीचे पंधरा दिवस तो कुठं झोपत होता, एवढं त्याच्या वडिलांनी येऊन सांगावं. मग आम्ही तुमच्या गावात येतो. पण एका रुग्णानं लस येईल असं मी म्हणत नाही. फक्त तो मोजला जाईल."

आकारामची मेंढरं तेव्हा कराडच्या पलीकडं एका माळाला होती. आम्ही जीप घेऊन गेलो. रंगू तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. कलेक्टर तिच्या पाठीशी बांधलेला होता. त्याला विकायचं नाही असं तिनं सांगून ठेवलं होतं. मी आकारामला सगळं नीट सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि हातातल्या काठीनं मातीत रेघ ओढत राहिला.

"म्हंजी मी म्हसवड म्हनलो म्हून?" त्यानं विचारलं.

"तुझं काय चुकलं न्हाई, आकाराम."

"मी खोटं न्हाई बोललो, वैनी. त्येनी गाव इच्यारलं. कुठं उतरलाय म्हून इच्यारलं आसतं, तर सांगितलं आसतं की तुमच्या रानात उतरलोय. आमाला तर जल्मभर समदी त्येच इच्यारत्यात. कुठं उतरलाय. त्याच दिशी कुनी न्हाई इच्यारलं."

रंगूचे हात पिठात तसेच राहिले होते. "आक्का, येक कोकरू कमी भरलं तर ह्यो मानूस आक्खा माळ पालथा घालतोय," ती म्हणाली. "आन माझं लेकरू कुनी मोजलंच न्हाई व्हय?"

तव्यावरची भाकरी करपली आणि कुणी उठलं नाही.

आकाराम सांगलीला आला आणि सांगायचं ते सांगून गेला. मग डॉक्टर निमिषांची माणसं धनेवाडीत आली. त्यांनी तिन्हीसांजेला ओढ्यावरचे डास नळ्यांत धरले, डुकरांचं रक्त घेतलं. अर्जुना कुठं झोपायचा ते प्रांजलनं दाखवलं. डास तेच निघाले. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावात आणखी दोन मुलं तशीच तापली. एक वाचलं, पण बोलायचं विसरलं. त्या दोघांची गावं सांगलीतलीच होती, त्यामुळे ती मोजली जायला कुठं जावं लागलं नाही. अर्जुना धरून तीन झाले.

मग बैठका. मी डॉक्टर निमिषांना फोन करायचे आणि ते न कंटाळता सांगायचे, आता राज्याकडं गेलंय, आता वर गेलंय, आता समितीपुढं आहे, आता लस किती लागेल ते विचारलंय. मी म्हणायचे, डास काही थांबत नाहीत तुमच्या समितीसाठी. ते म्हणायचे, ताई, घाईनं चुकीची लस दिली तर तुम्हीच पहिल्या भांडायला याल. ते खरंच होतं, पण खरं असलं म्हणून राग कमी होतो असं नाही.

आणि एके दिवशी त्यांचाच फोन आला. "सांगलीचं नाव आलं," ते म्हणाले.

मी लगेच आकारामला कळवलं. पलीकडं वारा आणि मेंढरांचा आवाज. तो म्हणाला, "आमच्या सोनियाला बी देत्याली न्हवं?"

"देतील की," मी म्हणाले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नाव सांगलीचं आलं होतं, साताऱ्याचं नाही. माणमध्ये ना डास ना डुकरं, तिथं कोण कशाला लस देईल? आणि आमच्या शाळेत टोचायचं ठरलं होतं ते दसऱ्याच्या आधी, म्हणजे सगळी धनगरांची पोरं आपापल्या माळावर असताना. टोचणी उरकणार, आणि मग ही पोरं खाली उतरणार, डासांत झोपायला. पुढं बाळांच्या नेहमीच्या टोचणीत ही लस राहणार होती, पण सोनियाचं ते वय उलटून गेलं होतं. डास काही पाहुण्याला गाव विचारत नाही. लस विचारते.

"आकाराम," मी म्हणाले, "मेंढरं भावाकडं ठेव आन या. मी बघते काय ते."

ती तिघं एसटीनं आली. सोनिया तीन वर्षांची झाली होती आणि अगदी अर्जुनासारखी बघायची. शाळेत वर्गात टेबल मांडलं होतं. लस टोचणाऱ्या सिस्टर तालुक्याच्या गावाहून आल्या होत्या, आमच्या गावात नवीन, सकाळपासून एकसारख्या कामात. त्यांना वरून सांगितलेलं होतं की इथं राहणारी मुलं आधी. रांगेत सगळ्या धनेवाडीच्याच बायका होत्या. मी पदर खोचून आकारामच्या मागं उभी होते. नाही म्हणाल्या असत्या तर त्या सिस्टरचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

"मुलीचं नाव?"

"सोनिया."

"वडिलांचं?"

"आकाराम."

"गाव कोणतं?"

आकारामचे हात सवयीनं वर आले. छातीपर्यंत आले आणि तिथून त्यानं ते खाली घेतले.

"धनेवाडी," तो म्हणाला.

रंगूनं त्याच्याकडं बघितलं. मीही बघितलं. मी त्याला असं काही शिकवलं नव्हतं. मी भांडायच्या तयारीत होते, खोटं बोलायच्या नाही.

सिस्टरनी त्याचं लाल पागोटं बघितलं, खांद्यावरचं घोंगडं बघितलं. "इथंच राहता?"

"व्हय."

"घर कुठं?"

वर्गाच्या खिडकीतून आमचं रान दिसतं. त्याच्या टोकाची बाभळ दिसते. त्यानं तिकडं बोट केलं. "त्या बांधाला."

"मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

"दुसरं केवढं?"

आकारामनं परत खिडकीबाहेर बघितलं. "सात वर्साचं," तो म्हणाला.

"मग त्यालाही घेऊन या की, दादा," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खरोखर माया होती. "पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना द्यायची आहे. कुणी राहायला नको."

रांगेतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. मी खोचलेला पदर सोडला.

"त्येला नगं, बाई," आकाराम म्हणाला. "त्यो हितलाच हाय. हिला टोचा."

सिस्टरनी टोचलं. सोनिया रडली नाही. उलट दंडाकडं बघत राहिली. मग ती तिघं बांधाकडं गेली. मी त्यांच्या मागं गेले नाही. शाळेच्या पायरीवर बसून होते. लांबून दिसलं, रंगूनं सोनियाची बाही वर केली होती आणि बाभळीकडं वळवून तिचा दंड दाखवत होती.

दसरा झाल्यावर नेहमीप्रमाणे मेंढरं उतरली. मग मार्गशीर्ष आला. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. कुठंही उतरलेला असला तरी आकारामनं रथ कधी चुकवला नव्हता. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तो जायचाच. त्या वर्षी तो बांधावर बाभळीखाली बसून राहिला. मी चहा घेऊन गेले आणि म्हणाले, जा की, मेंढरांकडं आम्ही बघू.

त्यानं चहा घेतला. कप बांधावर टेकवला.

"कसं जाऊ, वैनी?" तो म्हणाला. "देवानं इच्यारलं, गाव कंचं, तर काय सांगू?"